हौशी स्नूकर संघस्पर्धा: पहिल्या ब्रेकआधी कागदावर काय ठरलेलं हवं

संघस्पर्धेतली बहुतेक भांडणं टेबलापाशी सुरू होतात, पण त्यांचं मूळ स्पर्धेच्या परिपत्रकात असतं. खेळाचे नियम छापील आहेत आणि जगभर तेच चालतात. फाउलला किमान ४ गुण, ब्लॅकला ७, यात वादाला जागा नाही. वाद होतो तो वेगळ्याच गोष्टींवर. लढत ४-४ अशी सुटली तर पुढे काय? बदली खेळाडू कधी आणता येतो? रेफरी समोरच्या संघातला असेल तर मिस (पुरेसा प्रयत्न न करता चुकवलेल्या फटक्याचा फाउल) कोणी द्यायची? नियमपुस्तकात याची उत्तरं अर्धीच मिळतात, काही तर मिळतच नाहीत. ती आयोजकाने लिहायची असतात आणि कर्णधारांनी स्पर्धेआधी वाचायची असतात. हा लेख या दोघांसाठी आहे.

पायरी १: नियमपुस्तक एकच ठरवा

परिपत्रकाची पहिली ओळ अशी असावी: "या स्पर्धेला डब्ल्यूपीबीएसएचे चालू अधिकृत नियम लागू राहतील, खाली दिलेले बदल तेवढे अपवाद." डब्ल्यूपीबीएसए म्हणजे व्यावसायिक बिलियर्ड्स आणि स्नूकरची जागतिक संघटना. हे नियमपुस्तक या संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं आणि अधूनमधून सुधारलं जातं. त्यामुळे क्लबच्या भिंतीवर चिकटवलेल्या जुन्या तक्त्यावर विसंबू नका. एक प्रत छापून टेबलाजवळ ठेवा आणि प्रत्येक कर्णधाराच्या फोनमध्ये एक असू द्या.

"हौशी" म्हणजे कोण, हेही त्याच पानावर लिहा. सरळ कसोटी अशी: जो खेळाडू सध्या व्यावसायिक वर्ल्ड स्नूकर टूरवर नाही, तो हौशी. तुमच्या राष्ट्रीय महासंघाची व्याख्या वेगळी असेल तर ती घ्या.

पायरी २: लढतीचं स्वरूप आणि वेळेचा हिशेब

उत्साहाच्या भरात आठ संघ, चार-चार खेळाडू, सगळ्यांची सगळ्यांशी लढत असं ठरतं आणि तिसऱ्याच दिवशी वेळापत्रक कोलमडतं. म्हणून आधी आकडेमोड.

साखळीत संघांची संख्या गुणिले त्याहून एक कमी, भागिले दोन, इतक्या लढती होतात. सहा संघांच्या १५, आठ संघांच्या २८. लढत पाच फ्रेमची (फ्रेम म्हणजे एक डाव) असेल तर सहा संघांच्या साखळीत ७५ फ्रेम झाल्या. क्लबपातळीवर एका फ्रेमला अर्धा तास धरा. सेफ्टीवर, म्हणजे बचावात्मक खेळावर, भर देणारे दोघे समोरासमोर आले तर तोही पुरत नाही. म्हणजे साडेसदतीस तास, आणि दोन टेबलं असतील तर जवळपास एकोणीस. आठ संघ असतील तर चारचे दोन गट करा: गटात सहा-सहा लढती, मग दोन उपांत्य आणि एक अंतिम. एकूण पंधरा लढतींत स्पर्धा उरकते. सरळ बाद फेरी असेल तर पुढच्या दोनाच्या घातापर्यंत जेवढी जागा रिकामी, तेवढे बाय (न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश). ११ संघांना १६ ची चौकट लागते, म्हणून पाच बाय, आणि तेही सगळे पहिल्याच फेरीत द्यायचे.

वेळ फारच कमी असेल तर सहा रेडचं स्नूकर खेळवा. त्यात सर्वाधिक ब्रेक (एका पाळीत केलेले सलग गुण) १४७ ऐवजी ७५ चा होतो, फ्रेम लवकर संपते आणि नवख्या खेळाडूंनाही जिंकण्याची संधी जास्त राहते. याला कमी दर्जाचा प्रकार मानायचं कारण नाही, त्याच्याही जागतिक स्पर्धा होतात.

लढतीच्या आखणीत मला सर्वांत पटलेली पद्धत दोनजणी संघाची. आधी दोन एकेरी, मग एक दुहेरी, मग प्रतिस्पर्धी बदलून दोन उलट एकेरी. २०११, २०१५ आणि २०१७ च्या स्नूकर विश्वचषकात गटातल्या लढती अशाच पाच फ्रेमच्या होत्या. तिसरा खेळाडू राखीव ठेवता येतो, दुहेरीमुळे संघाला संघपण येतं आणि फ्रेमची संख्या विषम असल्याने बरोबरीचा प्रश्नच उरत नाही. साखळीत पाचही फ्रेम खेळवा, ३-० झालं तरी. बाद फेरीत मात्र निकाल लागला की थांबा.

पायरी ३: संघयादी आणि क्रम

नोंदणीच्या वेळी प्रत्येक संघाची पूर्ण यादी घ्या. दोनजणी लढतीसाठी चार नावं पुरतात. नंतर नाव वाढवायची शेवटची तारीख द्या आणि एक अट घाला: साखळीत किमान दोन लढती खेळलेलाच खेळाडू बाद फेरीत उतरेल. ही ओळ नसेल तर उपांत्य फेरीच्या दिवशी कोणीतरी अनोळखी पट्टीचा खेळाडू क्यूची पेटी घेऊन हजर होतो आणि नियमाप्रमाणे तुम्ही त्याला अडवू शकत नाही.

खेळण्याचा क्रम दोन्ही कर्णधारांनी एकमेकांना न दाखवता लिहायचा आणि एकाच वेळी रेफरीकडे द्यायचा. एकाने आधी दिला तर दुसरा आपला सर्वांत चांगला खेळाडू नेमका कुठे घालायचा ते ठरवतो. बदली फक्त दोन फ्रेमच्या मध्ये, तीही एका लढतीत एकदाच. उशिराची मर्यादा पंधरा मिनिटं ठेवा. त्यानंतर पहिली फ्रेम बाद, आणखी पंधरा मिनिटांनी पूर्ण लढत बाद.

पायरी ४: गुणतालिका आणि बरोबरी

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण शेवटच्या आठवड्यातले सगळे फोन यावरूनच येतात.

साखळीत लढत जिंकण्याला दोन गुण देण्यापेक्षा जिंकलेली प्रत्येक फ्रेम एक गुण धरावी, असं माझं मत आहे. ३-० ने मागे पडलेल्या संघालाही उरलेल्या दोन फ्रेम जीव लावून खेळाव्या लागतात. दोन संघ समान झाले तर कसोट्यांचा क्रम आधीच छापा: आपसातली लढत, मग जिंकलेल्या लढतींची संख्या, आणि तरीही सुटेना तर एका फ्रेमचा निर्णायक सामना.

एकूण टेबलगुणांची बेरीज ही कसोटी शक्यतो टाळा. ती लावायची तर नियमपुस्तकातल्या दोन तरतुदी लागू होतात आणि बहुतेकांना त्या माहीत नसतात. पहिली अशी: एरवी फ्रेम समान गुणांवर संपली की ब्लॅक पुन्हा स्पॉटवर ठेवतात, पहिला फटका कोणी मारायचा याची निवड टॉसने ठरते, क्यू बॉल (पांढरा बॉल) डी मधून (टेबलावरच्या अर्धवर्तुळातून) खेळतात आणि पहिला पॉट किंवा पहिला फाउल फ्रेम संपवतो. बेरजेवर निकाल असेल तर हीच पद्धत शेवटच्या फ्रेमनंतर एकूण बेरीज समान झाली तरच वापरायची, आणि ती त्या फ्रेममधल्या खेळाडूंनीच खेळायची.

दुसरी तरतूद फ्रेम सोडून देण्याची. बेरीज धरली जात असताना कोणी फ्रेम सोडली तर टेबलावर उरलेल्या बॉलचे गुण समोरच्याच्या खात्यात जातात आणि प्रत्येक रेडचे आठ धरले जातात. समजा चार रेड आणि सगळे कलर टेबलावर असताना खेळाडूने हात मिळवला. चार गुणिले आठ बत्तीस, अधिक कलरचे सत्तावीस: एका हस्तांदोलनात ५९ गुण गेले आणि कर्णधाराच्या लक्षातही आलं नाही. शिवाय नियमाप्रमाणे फ्रेम सोडता येते ती खेळाडू स्वतः स्ट्रायकर (ज्याची पाळी आहे तो) असताना, आणि जिंकण्यासाठी पेनल्टीच्या, म्हणजे समोरच्याच्या फाउलमधून मिळणाऱ्या, गुणांची गरज पडू लागल्यावरच. समोरच्याने ती स्वीकारलीच पाहिजे असंही नाही. बाकावर बसलेल्या कर्णधाराला तर दुसऱ्याची फ्रेम सोडायचा अधिकारच नाही.

वॉकओव्हरचाही आकडा लिहून ठेवा. फ्रेम मोजणाऱ्या साखळीत ५-० वॉकओव्हर दिला की ज्यांना तो मिळाला त्यांचं फुकटात भलं होतं. संघाने स्पर्धा अर्ध्याच्या आत सोडली तर त्याचे सगळे निकाल रद्द, अर्ध्यानंतर सोडली तर उरलेल्या लढतींना ठरावीक ४-१, ही त्यातल्या त्यात कमी अन्यायाची वाट.

पायरी ५: हॅन्डिकॅप

पातळीत मोठा फरक असेल तर हॅन्डिकॅपशिवाय संघस्पर्धा दोन वर्षांत मरते. तेच दोन संघ जिंकत राहतात आणि बाकीचे यायचे थांबतात.

प्रत्येक खेळाडूला एक आकडा द्या. क्लबमधल्या मधल्या पातळीच्या खेळाडूला शून्य, त्याहून चांगल्याला उणे, कच्च्याला अधिक. दोघांच्या आकड्यांतला फरक कच्च्या खेळाडूला स्टार्ट (फ्रेमच्या सुरुवातीचे गुण) म्हणून मिळतो. एकाचा उणे ७ आणि दुसऱ्याचा अधिक १४ असेल तर स्टार्ट २१. कमाल मर्यादा घाला, ३५ च्या पुढे जाऊ नका. नाहीतर चांगला खेळाडू पहिल्या फटक्यापासून पाठलागच करत राहतो. दुहेरीत जोडीची सरासरी काढून फरक घ्या. एका जोडीचे ० आणि २० म्हणजे सरासरी १०, दुसरीचे १४ आणि ३० म्हणजे २२, तेव्हा स्टार्ट १२. आकडे दर काही लढतींनी तपासा, मात्र बाद फेरी सुरू झाल्यावर हात लावू नका. आणि आकडा ठरवणाऱ्या तिघांत एकाच संघाचे दोघे नकोत.

स्टार्ट स्कोअरबोर्डवर पहिल्या फटक्याआधी लावायचा, शेवटी मिळवायचा नाही. याचं कारण मिसच्या नियमात आहे: कोणाला पेनल्टी गुणांची गरज असेल तर साधारणपणे मिस पुकारत नाहीत (पायरी ६). समजा टेबलावर दोन रेड आणि सगळे कलर शिल्लक, म्हणजे ४३ गुण. पहिल्याचे ५८, दुसऱ्याने स्वतः केलेले १०. स्टार्ट न धरता फरक ४८ दिसतो, म्हणजे दुसऱ्याला स्नूकरची (पेनल्टी गुणांची) गरज आहे असं वाटतं. २१ चा स्टार्ट धरला की त्याचे ३१ होतात, फरक २७ चा आणि फ्रेम पूर्ण जिवंत. रेफरीने इथे चुकीचा आकडा बघितला तर मिस द्यायची की नाही हा निर्णयच उलटा होतो.

पायरी ६: रेफरी नसताना मिस, फ्री बॉल आणि बाकीचं

हौशी लढतींत तटस्थ रेफरी मिळणं अवघड. सोपी व्यवस्था अशी: त्या फ्रेममध्ये न खेळणारा एक जण रेफरी, एक मार्कर (गुण नोंदवणारा), दोघे वेगवेगळ्या संघांचे, आणि दर फ्रेमला अदलाबदल. रेफरीच्या खुर्चीत बसला की तो त्याच्या संघाचा राहत नाही. खेळाडूने विचारलं तर बॉल कोणत्या रंगाचा आहे ते सांगता येतं. पुढचा फटका फाउल होणार आहे याची सूचना देता येत नाही, सल्लाही नाही. एखादी घटना रेफरीच्या नजरेतून सुटली तर तो मार्करला किंवा चांगल्या जागी बसलेल्या प्रेक्षकाला विचारू शकतो, तशी मुभा नियमातच आहे. ती वापरा, पण निकाल रेफरीनेच द्यायचा.

आता मिस. रेफरीच्या मते खेळाडूने ऑन बॉलला (नियमाने ज्याला आधी लागायला हवं त्या बॉलला) लागायचा पुरेसा प्रयत्न केला नाही, तर "फाउल अँड अ मिस" पुकारतात. समोरच्यापुढे तीन पर्याय असतात: आहे त्या जागेवरून स्वतः खेळणं, चूक करणाऱ्याला तिथूनच खेळायला लावणं, किंवा बॉल पूर्ववत ठेवून तोच फटका पुन्हा मागणं. फटक्याआधी किंवा त्या फाउलमुळे कोणाही एकाला पेनल्टी गुणांची गरज असेल तर साधारणपणे मिस पुकारत नाहीत. मुद्दाम चुकवलेला फटका मात्र यात माफ होत नाही. ऑन बॉल सरळ रेषेत पूर्ण दिसत असताना लागोपाठ तीनदा चुकला तर फ्रेम जाते, पण दुसऱ्या चुकीनंतर रेफरीने ताकीद दिलेली असली पाहिजे. ती ताकीद हौशी रेफरी हमखास विसरतात, आणि ताकीद नसेल तर फ्रेम देता येत नाही.

हा नियम जसाच्या तसा क्लबात लावावा का? व्यावसायिक खेळाडूकडून दोन कुशनचा फटका अपेक्षित असतो. वीसचा ब्रेक ज्याचा सर्वोत्तम, त्याच्यावर सहा-सात वेळा मिस पुकारली तर ती फ्रेम राहत नाही, वसुली होते. माझी शिफारस अशी: स्नूकरमध्ये अडकलेल्या (ज्याचा ऑन बॉल दुसऱ्या बॉलआड झाकला गेला आहे अशा) खेळाडूवर एका स्थितीतून जास्तीत जास्त तीनदा मिस, नंतर फक्त फाउल. ऑन बॉल पूर्ण दिसत असेल तर मूळ नियम, काही सवलत नाही. हा बदल परिपत्रकात अपवाद म्हणून लिहा.

बॉल पूर्ववत ठेवण्यासाठी फोन कामी येतो. कठीण स्नूकर पडला की फटक्याआधी मार्करने दोन फोटो काढावेत: एक क्यू बॉलच्या मागून, खेळाडूच्या डोळ्यांच्या उंचीवरून, आणि एक कुशनच्या बाजूने. वरून काढलेला एकच फोटो फसवतो. बॉलच्या कडा कुठे एकमेकांआड जातात ते खालच्या कोनातून कळतं. जागा ठरवताना दोन्ही खेळाडूंना विचारा, शेवटचा शब्द रेफरीचा.

फ्री बॉलची कसोटी थोडक्यात अशी. फाउलनंतर क्यू बॉलपासून कोणत्याही ऑन बॉलच्या दोन्ही टोकांना सरळ रेषेत लागता येत नसेल तर फ्री बॉल, म्हणजे दुसरा कोणताही बॉल ऑन बॉल म्हणून निवडायची मुभा. एकच कड झाकली असेल तरी ती झाकलेलीच. निवडलेल्या बॉलला ऑन बॉलचेच गुण मिळतात, आणि त्याच्याआड समोरच्याला स्नूकर करता येत नाही. फक्त पिंक आणि ब्लॅक उरले असतील तेव्हा चालतं. टचिंग बॉल (क्यू बॉलला चिकटलेला बॉल) रेफरीने आपणहून सांगायचा असतो. त्या बॉलला न हलवता दूर खेळायचं, आणि तो ऑन असेल तर लागल्यासारखाच धरतात.

दोघेही एकच सेफ्टी घोटत बसले तर रेफरी नव्याने फ्रेम मांडायचा प्रस्ताव ठेवू शकतो. मुद्दाम वेळ काढणाऱ्याला ताकीद, मग फ्रेम जाण्याची शिक्षा, हेही नियमात आहे. हातात घड्याळ घेऊन बसणारा माणूस नसेल तर शॉट क्लॉकच्या भानगडीत पडू नका.

पायरी ७: दुहेरीचे वेगळे नियम

दुहेरीवर सराव कमी असतो, म्हणून फ्रेमआधी दोन्ही जोड्यांना मिनिटभर सांगा. प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला क्रम ठरतो, समजा अ, क्ष, ब, य (अ-ब एक जोडी, क्ष-य दुसरी). तो फ्रेमभर बदलत नाही. पुढच्या फ्रेमला बदलता येतो. पाळी नसताना खेळणं हा फाउल. 'ब'ची पाळी असताना अ खेळला आणि समोरच्यांनी त्याला पुन्हा खेळायला सांगितलं, तर अ पुन्हा खेळतो आणि त्याच्यानंतर क्ष. 'ब'ची पाळी गेली. ब चिडतो, पण नियम असाच आहे.

जोडीदारांना आपसात बोलता येतं, मात्र त्यांच्यापैकी एक जण स्ट्रायकर म्हणून टेबलापाशी आल्यावर नाही, आणि पहिल्या फटक्यापासून त्याचा ब्रेक संपेपर्यंतही नाही. म्हणजे काय ठरवायचं ते खुर्चीतून उठायच्या आत. ब्लॅक पुन्हा स्पॉटवर आला तर ज्या जोडीला पहिला फटका, तिने कोणी मारायचा ते निवडायचं. पुढे मूळ क्रम. एकेरीत संघातल्या कोणी बसल्या जागेवरून सल्ला देणं बंद, खुणेने सुद्धा, हे परिपत्रकात स्पष्ट लिहा.

पायरी ८: टेबल आणि सामान

पूर्ण आकाराच्या टेबलाचा खेळायचा भाग ३५६९ बाय १७७८ मिलिमीटर, बॉल ५२.५ मिलिमीटर व्यासाचे. बॉक लाइन (डी ज्या रेषेवर असतो ती) खालच्या कुशनपासून ७३७ मिलिमीटरवर, डी ची त्रिज्या २९२. स्पॉट पुसट झाले असतील तर आदल्या दिवशी मोजून नवे लावा. कापड बॉककडून ब्लॅकच्या टोकाकडे, लव ज्या दिशेने आहे त्याच दिशेने ब्रश करायचं. उलट ब्रश केलेल्या टेबलावर हळू फटका भरकटतो आणि शिव्या आयोजकाला बसतात. बॉल एकाच संचातले हवेत. संचातल्या बॉलच्या वजनात तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक चालत नाही. जुन्या संचात नवा क्यू बॉल घातला तर फरक हाताला कळतो.

रेस्ट, स्पायडर, एक्स्टेंशन, बॉल मार्कर, बॉल पुसायला कोरडं कापड आणि रेफरीचे हातमोजे, एवढं असलं की पुरे. लढतीआधी दोन्ही संघांना त्याच टेबलावर पाच-पाच मिनिटं सराव द्या.

पायरी ९: मदत कुठे मिळते

डब्ल्यूपीबीएसए नियमांबरोबर रेफरींचं प्रशिक्षणही चालवते. हौशी खेळाची जागतिक बाजू आयबीएसएफ (आंतरराष्ट्रीय बिलियर्ड्स आणि स्नूकर महासंघ) सांभाळते. १९६३ साली सुरू झालेली हौशी विश्व अजिंक्यपद स्पर्धा तीच घेते, शिवाय सांघिक स्पर्धाही. २०१७ मध्ये स्थापन झालेली वर्ल्ड स्नूकर फेडरेशनही हौशी स्पर्धा भरवते. या संस्थांच्या स्पर्धांची परिपत्रकं उघडून वाचा. गटवारी, बरोबरीच्या कसोट्या आणि पोशाखाच्या अटी कशा शब्दांत लिहितात ते तिथे आयतं सापडतं. रेफरी प्रशिक्षणासाठी आधी तुमच्या राष्ट्रीय महासंघाला लिहा. परीक्षा दिलेला एक जरी रेफरी क्लबात असला तरी बाकीचे त्याच्याकडे बघून शिकतात.

निकाल आणि गुणतालिकेसाठी डब्ल्यूपीबीएसएचं स्नूकरस्कोअर्स हे ऑनलाइन व्यासपीठ हौशी स्पर्धांनाही वापरता येतं. आठ-दहा संघांची छोटी स्पर्धा असेल तर सामायिक स्प्रेडशीटही चालते, फक्त बदल करायची मुभा एकाच माणसाकडे ठेवा.

पायरी १०: स्कोअरशीट आणि तक्रार

स्कोअरशीटवर दोन्ही संघांची नावं, क्रम, प्रत्येक फ्रेमचा स्टार्ट, अंतिम गुण, तीसच्या वरचे ब्रेक, रेफरीचं नाव आणि शेवटी दोन्ही कर्णधारांच्या सह्या असाव्यात. सही म्हणजे निकाल मान्य. कर्णधाराला तक्रार करायची असेल तर सहीआधी शीटवर एका ओळीत लिहायची आणि चोवीस तासांत समितीकडे सविस्तर द्यायची.

समिती तिघांची, आणि ज्या लढतीची तक्रार, त्या दोन्ही संघांचं कोणी त्यात नसावं. म्हणून एक-दोन राखीव नावं आधीच ठरवा. बॉल लागला की नाही, मिस होती की नव्हती, असे रेफरीने डोळ्यांनी पाहून दिलेले निर्णय समितीने उघडायचे नाहीत. नियमच चुकीचा लावला गेला असेल, अपात्र खेळाडू उतरला असेल किंवा स्टार्ट चुकीचा लागला असेल, तेवढंच समितीपुढे येतं. चूक सिद्ध झाली तर ती फ्रेम पुन्हा खेळवायची की समोरच्याला द्यायची, याचाही तक्ता परिपत्रकाच्या शेवटच्या पानावर असावा. स्टार्ट चुकला असेल तर फ्रेम पुन्हा. अपात्र खेळाडू उतरला असेल तर त्याने खेळलेल्या सगळ्या फ्रेम समोरच्या संघाला.